थोरल्या तळ्यावरची तिसरी हाक

कासारमाळावर दोन तळी आहेत. एक थोरले, एक धाकटे. दोहोंच्या मध्ये डोंगराची बुटकी सोंड आली आहे आणि त्या सोंडेच्या पोटातून बोगदा काढून थोरल्याचे पाणी धाकट्यात घेतले आहे. धाकट्यातून एक लोखंडी नळ कडा उतरतो, तो थेट खाली आंबेखोलच्या वीजघरात. संस्थानी अमलात बांधलेले हे लहानसे वीजघर अजून चालते. मागून मोठाली धरणे झाली, दूरदूरची वीज तारांवरून आली, आंबेखोलचे यंत्र जुने झाले म्हणून मोडीत काढण्याच्या गोष्टीही अनेकदा झाल्या. ते मोडीत निघाले नाही. वैशाखात बोगद्यातला गाळ उपसायचा म्हणून थोरल्या तळ्याचा दरवाजा बंद करतात, तेवढीच त्याची विश्रांती.

दरवाजा पुन्हा उघडतात त्या दिवशी माळावरच्या धनगरवाड्यातल्या बायका बोगद्याच्या खालच्या तोंडाशी जमतात. सोबत वाड्यातली सगळी लेकरे असतात. एकेक बाई एकेका मुलाला नाव घेऊन हाक मारते. तीही स्वतःच्या मुलाला नाही, दुसरीच्या. मूल तिच्यापासून दोन हातांवर उभे असते. तरी पहिल्या हाकेला गप्प राहते, दुसरीला गप्प राहते आणि तिसरीला 'ओ' देते. सोंडेवर पांढरी टोपी घातलेला इंजिनिअर उन्हात उभा राहून वाट पाहतो. त्याला घाई करता येत नाही. नव्याने आलेल्या एकाने ती केली होती, तेव्हा दरवाज्याच्या चाकाला हात लावायला माळावरचा एकही माणूस पुढे झाला नाही.

हे असे का, ते आम्हाला बाबाजी डोईफोडे यांनी सांगितले. बाबाजी वाड्यातले सर्वांत वृद्ध गृहस्थ. त्यांनी आधी आमचीच चौकशी केली. कंपनीकडून आलात की सरकारकडून? दोन्हीकडून नाही म्हटल्यावर त्यांचा संशय वाढला. मग कशाला आलात? आमच्यातला एकजण म्हणाला, सहज.

"सहज कुणी एवढा चढ चढत न्हाई," बाबाजी म्हणाले. पण सांगायला बसले.

त्या काळी संस्थानात खोपकर नावाचे इंजिनिअर होते. माणूस वाईट नव्हता, असे बाबाजी म्हणाले, आणि 'असे सांगतात' हे शब्द त्यांनी मागाहून जोडले. खोपकरसाहेबांनी तळी बांधून घेतली, बोगदा पाडला, आगबोटीतून आलेले यंत्र बैलगाड्यांवर घालून आंबेखोलपर्यंत आणले. सगळे झाले आणि यंत्र चालेना. पाणी सोडले की ते फिरायचे, दिवा पेटायचा आणि थोड्याच वेळात धापा टाकल्यासारखे करून थांबायचे. साहेब म्हणत, बोगद्यात बांधकामाचा राडारोडा राहिला आहे, पाण्याबरोबर तो नळाच्या तोंडाशी येऊन अडकतो. वाड्यात हे कुणाला पटले नाही. पाणी वरून खाली येते, त्यात अडायचे काय? तट बांधताना, पूल बांधताना जे द्यावे लागते म्हणतात, तेच हे यंत्र मागत असणार. साहेबाला ते ठाऊक असणार. तो बोलत नाही एवढेच.

त्यातच संस्थानचा कारकून वाड्यात आला आणि घरोघर विचारू लागला, तुमच्यात पोरे किती?

अक्षय्य तृतीयेला महाराज येऊन कळ दाबणार होते. त्या दिवशी घालायला माळावरच्या प्रत्येक मुलाला आधीच नवा सदरा, प्रत्येक मुलीला परकर आणि वर खाऊ मिळायचा होता. म्हणून ही विचारपूस. कारकुनाने ते सांगितलेही, म्हणे. पण त्याने विचारायला नको ते विचारले होते. माळावरचे धनगर मेंढरेसुद्धा मोजत नसत. पाचशेच्या कळपातले एक हरवले तर चेहऱ्यावरून ओळखत. मोजलेले घटते, असे त्यांचे म्हणणे. मग लेकरांचा आकडा कोण देणार? आणि फुकटचे कापड तरी का?

"बोकडाला बी आधी हार घालत्यात," येसू म्हणाली. कारकून ऐकत होता, तरी म्हणाली.

येसू ही नागू आखाड्याची बायको. नागू थोरल्या तळ्याचा दरवाजा उघडण्या-मिटण्याच्या कामावर होता. वाड्यातला तो एकटाच संस्थानच्या चाकरीत गेलेला. त्याला खाकी कोट मिळाला होता, आणि तो कोट घालून तो वाटेने निघाला की दोन्ही बाजूंची माणसे रामराम घालत, 'या जावईबापू, सासरेसाहेब बरे हायेत न्हवं?' नागू हसून पुढे जाई. घरी बायकोला तो परोपरीने सांगे की साहेब खरे बोलतात, राडारोडाच अडतो, मी डोळ्यांनी पाहिला. येसूने यावर दिलेले उत्तर वाड्यात अजून सांगतात. ती म्हणाली, "त्यांनी तुमाला कोट दिला. कोटाच्या आतलं काय काढून घेतलं, त्ये तुमाला कळलं न्हाई."

नागूच्या घरात दोन मुली होत्या. पारू त्याची स्वतःची. दुसरी बायजा, थोरल्या भावाची. भाऊ आणि भावजय पटकीच्या साथीत एकापाठोपाठ गेले, तेव्हा येसूने तिला उचलून आणले होते. दोघी एकाच घोंगडीवर झोपत, एकाच ताटात जेवत. येसूने दुजाभाव केल्याचे कुणी सांगत नाही. ज्यांनी तिच्यावर पुढे नाही नाही ते आळ घेतले, तेही हे सांगत नाहीत.

कापड वाटायचा दिवस ठरला. मुलांना आंबेखोलला नेण्यासाठी गाडी येणार असा निरोप आला. बायकांनी मग आपसात ठरवले की पोरे दडवायची. रानात दडवली तर गुराखी पाहतील, घरात दडवली तर शिपाई पाहतील. साहेब कुठे बघणार नाही? त्याच्या स्वतःच्या बोगद्यात. थोरल्याचा दरवाजा बंद होता, बोगदा कोरडा होता, आणि येत्या बाजारापर्यंत पाणी सुटायचे नाही, खाली यंत्र खोलून ठेवले आहे, असे नागूच घरी बोलला होता. नवऱ्याच्या बाकी कशावर विश्वास नसला तरी या एका बोलण्यावर येसूने ठेवला. नागूला मात्र कुणी काही सांगितले नाही. कोटवाल्याला सांगणे म्हणजे साहेबाला सांगणे.

सकाळी लेकरांना बोगद्यात बसवले. गूळ-भाकरी दिली. बजावले की साहेबाची माणसे तुमच्या आयांचे आवाज काढतील. पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. रानातले वाईट असते ते दोनदाच बोलावते, तिसरी हाक त्याला मारता येत नाही. हे तर माळावरच्या मुलांना आईच्या दुधाबरोबरच मिळालेले. आणि शेवटची गोष्ट सांगितली, की आपल्या आईने आपले नाव घेऊन बोलावल्याशिवाय जागेवरून हलायचे नाही.

गाडी आली तशी रिकामी परत गेली. पोरे मेंढरांमागे गेलीत, असे बायकांनी सांगितले. झाडून सगळी? झाडून सगळी. दुडदुडणारी पोरेही मेंढरांमागे गेली का, असे गाडीवानाने विचारले, तेव्हा बायका आपापल्या घरात निघून गेल्या.

आणि ऊन चढायच्या आत खोपकरसाहेब घोड्यावरून माळावर आले. खाली यंत्र जुळले होते. महाराज येण्यापूर्वी त्यांना एकदा चालवून पाहायचे होते. आणि पहिल्याने थोडे पाणी जोरात सोडून बोगदा धुऊन काढायचा होता. ते सोंडेवर उभे राहिले. तिथून एका बाजूला दरवाज्याचे चाक दिसते, दुसऱ्या बाजूला बोगद्याचे खालचे तोंड. चाकापाशी असलेल्या माणसाला ते तोंड दिसत नाही. म्हणून साहेबांनी हातातले लाल फडके हलवले की नागूने चाक फिरवायचे, असे ठरलेले होते.

येसूने घोडा पाहिला आणि ती धावत चाकापाशी आली. तिने दोन्ही हातांनी चाक धरले. काय झाले म्हणून नागूने विचारले, तर बोलेना. सोंडेवरून साहेब पाहत होते, त्यांच्यादेखत ती कशी बोलणार? नागू ओशाळला. घरी जा म्हणाला. साहेबांना वाटले, वाड्याने मांडलेला हा आणखी एक खोडा. याआधीही एकदा चाकाला दोरखंड बांधून ठेवलेले सापडले होते. त्यांनी वरूनच नागूला सांगितले, बाईला बाजूला कर. नागूने तिचा हात सोडवायला घेतला.

तेव्हा ती हळूच म्हणाली, "पारी आत हाय. समद्यांची पोरं आत हायती."

नागूने चाक सोडले. तो साहेबांना ओरडून काय म्हणाला ते कुणी सांगत नाही, पण साहेब सोंड उतरून बोगद्याच्या तोंडाशी पोचले ते घसरत, एक बूट वाटेतच टाकून. येसूही तिकडे धावली. नागूला साहेबांनी चाकापाशीच थांबायला लावले. चाकाला दुसऱ्या कुणी हात लावू नये, म्हणून.

वाड्यातल्या बायका आल्या. पहिल्या हाका झाल्या. आतून काहीच नाही. दुसऱ्या झाल्या. अंधार तसाच. साहेबांना शंका आली की आत कुणी नाहीच, ही सारी वेळ काढायची युक्ती आहे. त्यांनी तसे बोलूनही दाखवले. बायकांनी तिकडे लक्ष दिले नाही. तिसरी हाक गेली आणि बोगद्यातून एकेक 'ओ' येऊ लागली. मग एकेक लेकरू येऊ लागले. कुणाच्या तोंडाला गूळ, कुणाच्या काखेत करडू. एक पोरगा तर झोपमोड झाली म्हणून आईवरच रागावला होता. ज्या बाईचे मूल आले ती त्याला पोटाशी धरून बाजूला होई. पारू आली, तशी येसूने तिला उचलून कडेवर घेतले, एवढी घोडी झालेली असूनही, आणि चेहरा तिच्या मानेत लपवला.

हाका थांबल्या. साहेब वाड्याचा कारभारी धाकोबा कोकरे याला म्हणाले, "मुले मोजून घ्या."

चांगल्या मनाने म्हणाले, असे बाबाजींनी इथे पुन्हा सांगितले. पण तो शब्द ऐकताच सगळ्या आया दोन पावले मागे सरल्या. एवढे होऊनही याला आकडा हवाच आहे, असे धाकोबाला वाटले असणार.

"आमच्यात पोरं मोजत न्हाईत," तो म्हणाला. "ज्याचं त्यानं वळखलं. समदी आली."

साहेबांनी पुन्हा विचारले, नक्की सगळी? सगळी, असे चारजणींनी एकदम सांगितले. त्या खोटे बोलत नव्हत्या. साहेब सोंडेवर चढले. तिकडून नागूने ओरडून विचारले, आली का? साहेब म्हणाले, आली. आणि लाल फडके हलवले. नागूने चाक झपाझप फिरवले. त्याची पोर वाचली होती, त्याच्या हातांना बळ आले होते.

त्या दिवशी यंत्र थांबले नाही. संध्याकाळी माळाच्या कडेवरून खाली पाहिले तर आंबेखोलात दिवे लागलेले दिसले. नागू ते पाहून घरी आला, कोट खुंटीला लावला आणि जेवायला बसला. येसूने मुलींचे ताट वाढले. एकटी पारूच येऊन बसली. बायजा कुठाय, नागूने विचारले. येसू म्हणाली, पारूच्या मागोमाग आली की. पारू म्हणाली, नाही आली.

"ती माझ्या मागंच बसली हुती," पारूने सांगितले. "म्या म्हनलं चल. ती म्हनली, माझं नाव घेऊन बोलावलं की येते."

दरवाजा मिटला, बोगदा शोधला, धाकटे तळे शोधले. नळाच्या तोंडावर जाळी आहे, तिथे काडीकचरा होता, दगडमाती होती. बायजा सापडली नाही. तिचे काहीही सापडले नाही. साहेब म्हणाले, तो पाण्याचा लोंढा गेला त्याने बोगदा धुतला गेला, म्हणून आता यंत्र अडत नाही. कदाचित ते खरेही असेल. पण यंत्र अडायचे आणि त्या दिवसापासून अडायचे थांबले, एवढेच माळाने पाहिले. अक्षय्य तृतीयेला महाराज आले, कळ दाबली गेली. त्या दिवशी माणसे आपल्या गेलेल्यांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर देतात. नागूने भावाच्या नावाची दिली, भावजयीच्या नावाची दिली. तिसरी येसूने भरून आणली होती. ती त्याने देऊ दिली नाही, म्हणे.

वाड्याला आता दुसरा संशय लागला. साहेबाला पोर हवी होती, ती नागूने दिली. स्वतःची काढून घेतली आणि भावाची ठेवली. भावाची मेंढरे त्याच्याकडेच होती ना? येसू पाणवठ्यावर आली की बायका गप्प होत. जिने पोरे वाचवली तिच्याबद्दल हे बोलले गेले, आणि बोलणाऱ्यांची पोरे तिच्यासमोर खेळत होती. आपणही हाक मारू शकत होतो, हे कुणी बोलत नव्हते. ते बोलायला फार वर्षे लागली, असे बाबाजी म्हणाले. खोपकरसाहेब पावसाळ्याआधीच संस्थान सोडून गेले.

पुढच्या वैशाखात गाळ काढायला दरवाजा मिटला. उघडायच्या दिवशी नागू कोट न घालता चाकापाशी आला आणि खाली बसला. नव्या साहेबांना म्हणाला, वाड्यातल्या प्रत्येक लेकराची ओ माझ्या कानांवर आल्याशिवाय मी चाकाला हात लावणार नाही आणि दुसऱ्याला लावू देणार नाही. साहेबांनी धमकावले. शिपाई आले. तो उठेना. वाड्यातल्या बायका दूर सोंडेवर उभ्या राहून पाहत होत्या, मुलांना पाठीशी घेऊन. एक दिली, आता आमचीही मागतोय, असे त्यांचे आपसात चालले होते. त्याच्या समोर पोर न्यायला कुणी तयार नव्हती.

ऊन माथ्यावर आले तेव्हा येसू बोगद्याच्या तोंडाशी गेली. वर्षभरात ती त्या बाजूला फिरकली नव्हती. तिने पारूला हाक मारली नाही. शेजारणीच्या मुलाला मारली. तीनदा. तिसरीला तो पोरगा आईच्या पदराआडूनच 'ओ' म्हणाला. आईने त्याचे तोंड दाबायच्या आत. मग तिने त्याच्या पलीकडच्या घरातले नाव घेतले. मग त्याच्या पलीकडचे. ज्या बायकांनी तिच्याशी बोलणे टाकले होते त्यांच्या लेकरांची नावे ती एकामागून एक घेत गेली, आणि लेकरे ओ देत गेली. शेवटी त्यांतलीच एक बाई पुढे आली आणि तिने पारूला हाक मारली.

सगळी झाली. मग येसू आत तोंड करून म्हणाली, "बायजा."

दुसऱ्यांदा म्हणाली. आणि तिसऱ्यांदा.

यापुढे तीन प्रकारे सांगतात. कुणी म्हणते, आतून ओ आली. कुणी म्हणते, बोगद्याच्या छतातून पाणी टपकते, त्याचाच तो आवाज. आणि कुणी म्हणते, पारूला राहवेना म्हणून तिनेच मागून ओ दिली. बाबाजींना आम्ही विचारले, तुम्हाला काय वाटते? त्यांनी आमच्याकडे पाहिले ते पहिल्यासारखेच, कशाला विचारता अशा नजरेने.

पलीकडून नागूचा आवाज आला, आली का?

येसूने वळून पाहिले नाही. "फिरवा," ती म्हणाली. "पन हळू फिरवा. ती चालत येत असंल."

तेव्हापासूनची ही रीत आहे. साहेब आले नि गेले, संस्थान गेले, दरवाज्याला विजेची मोटर बसली. कळ दाबली तर दरवाजा डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उघडतो. पण वैशाखातल्या त्या दिवशी मोटर सोडवून ठेवतात आणि चाक हाताने फिरवतात. बायजाचे नाव सर्वांत शेवटी घेतले जाते. ज्या घरात दुसऱ्याचे मूल वाढते आहे, त्या घरातली बाई ते घेते. अशी बाई नेहमी कुणीतरी असतेच. खालच्या वीजघरातले लोक याला अंधश्रद्धा म्हणतात, वाड्यातले वीजघरावर अजून विश्वास टाकत नाहीत, आणि यंत्र चालू आहे.

आजही बोगद्यातून पहिले पाणी येते ते घोट्याएवढेच. थोडी माती, थोडा पाला घेऊन ते संथ बाहेर येते. बायका लेकरांना हाताला धरून दोन्ही कडांना उभ्या राहतात. मधली वाट मोकळी ठेवतात.